निवट्याचा उजवा हात

निवटी हा खाडीच्या चिखलातला मासा. ओहोटी लागली की तो बिळातून वर येतो, पुढच्या दोन परांवर रेटा देत चिखलावरून चालतो, आणि कल्ल्यांत थोडं पाणी धरून ठेवत असल्यामुळे पाण्याबाहेरही टिकतो. चेंदणी कोळीवाड्यातल्या जनाबाई नाखवांच्या लेखी निवटी म्हणजे कालवण. त्यांचा मुलगा उत्तम मात्र काठावर उकिडवा बसून तो चालतो कसा हे बघत राहायचा, आणि पुढे मोठेपणी त्याने त्याच माशाची हातबाहुली केली.

बाहुलीचं नाव निवट्या. एका मराठी वाहिनीवर दर रविवारी सकाळी ‘खाडीकाठची शाळा’ लागायची, तिचा मास्तर निवट्या. सोळा वर्षं त्याने मुलांना भरती-ओहोटी का येते, मीठ कसं पिकतं, डास कुठे अंडी घालतो असलं काय काय शिकवलं. सोळा वर्षं उत्तमचा उजवा हात निवट्याच्या डोक्यात होता आणि आवाजही उत्तमचाच होता, पण पडद्यावर त्याचं तोंड एकदाही दिसलं नाही. तो नियम त्याचाच होता. बाहुली वर असेपर्यंत हलवणाऱ्याला कोणी नावाने हाक मारायची नाही, आणि बाहेर कोणी विचारलं तर ‘टीव्हीत काम करतो’ एवढंच सांगायचं. डोंबिवलीत तो राहायचा त्या इमारतीत बावीस बिऱ्हाडं होती. त्यांतल्या निम्म्यांना तो कॅमेऱ्याच्या वायरी ओढतो असं वाटायचं.

निवट्याला परांच्या जागी दोन हात होते, आणि अशी बाहुली एकट्याने चालत नाही. एकाचा उजवा हात डोक्यात, डावा हात बाहुलीच्या डाव्या हातात. उरलेला उजवा हात दुसऱ्याने करायचा. दोघांनी बुटक्या भिंतीमागे चाकं लावलेल्या फळीवर एकमेकांना चिकटून बसायचं, वर न बघता समोरच्या छोट्या पडद्यावर बघायचं, आणि एकाच प्राण्यासारखं हलायचं. निवट्याचा उजवा हात अकरा वर्षं संचिताने केला.

संचिता टिटवाळ्याची. विसाव्या वर्षी ती उत्तमकडे आली तेव्हा तिला मोज्याची साधी बाहुलीही नीट हलवता येत नव्हती. उत्तमने तिला खडू धरायला शिकवलं, डोकं खाजवायला शिकवलं, निवट्या विचार करत असेल तेव्हा बोटं कशी सैल सोडायची ते शिकवलं. चित्रीकरण लांबलं की ती त्यांच्याकडेच जेवायची. उत्तमची बायको विनिता तिच्यासाठी वेगळी बोंबलाची चटणी काढून ठेवायची. कार्यक्रम बंद झाल्यावरही शाळांमधून, सोसायट्यांच्या गणपतीत त्यांचे खेळ चालू राहिले. आणि अजूनही उत्तमच्या प्रत्येक वाढदिवसाला सकाळी पहिला फोन तिचाच असायचा.

गेल्या वर्षी उत्तमचा खांदा आखडला. हात कानापर्यंत जाईना. बाहुलीवाल्याचा हात डोक्याच्या वर राहिला नाही तर त्याचं टक्कल कॅमेऱ्यात येतं, हे तो हसत सांगायचा, पण हसू फार टिकायचं नाही. फिजिओथेरपिस्टने कोन मोजला तेव्हा तो शहाण्णव अंश भरला. काम करायचं तर एकशे साठ तरी हवेत.

नेमक्या त्याच दिवसांत संचिता बातमी घेऊन आली. वाहिनी निवट्याला परत आणतेय. घोडबंदर रोडच्या एका स्टुडिओत सेट लागणार आहे. अजून काही पक्कं नाही, पण तिच्या ओळखीची मुलगी तिथे निर्माती आहे.

“तुमच्याशिवाय निवट्या होणारच नाही काका, मी सांगून टाकलंय त्यांना,” ती म्हणाली. “तुम्ही फक्त हात वर करा. बाकी मी बघते.”

निवट्याच्या डोक्यातला फोम जुना होऊन भुसा पडायला लागला होता. कल्याणला एक जण नवा भरून देतो असं ती म्हणाली. उत्तमने निवट्याला नेहमीच्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं आणि तिच्या हाती दिलं.

मग त्याने व्यायाम धरला. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं चालवत चालवत हात वर न्यायचा. जिथे थांबेल तिथे पेन्सिलीची खूण आणि तारीख. विनिता म्हणायची की लोक मुलांची उंची भिंतीवर लिहितात, हा आपल्या हाताची लिहितोय. दिवाळीला खूण खिडकीच्या वरच्या चौकटीला पोचली. दिवाळीतच संचिता फळांची मोठी टोपली घेऊन आली, किवी, ड्रॅगन फ्रूट, वर जिलेटिनचा कागद. विनिता तिला उगाच खर्च केल्याबद्दल रागावली आणि नंतर चार घरांत फळं वाटून तिचं कौतुक करून आली. वाहिनीचं काय झालं असं उत्तमने विचारलं, तर अजून वरच्या लोकांचं चाललंय म्हणाली. जानेवारीत कोन एकशे बासष्ट झाला. वाहिनीचा फोन आला नव्हता.

आली ती जाहिरात. शेजारच्या कोणीतरी इमारतीच्या ग्रुपवर टाकलेली, बावीस सेकंदांची. निवट्या भिंतीमागून वर येतो, दोन्ही डोळे आळीपाळीने फिरवतो आणि म्हणतो, “काय रे पोरांनो, चिखल सुकला की काय?”

उत्तमने ती सात वेळा पाहिली. प्रत्येक माणसाच्या अक्षराला जसं वळण असतं तसं हाताला असतं. बोलण्याआधी निवट्या मान कणभर खाली घ्यायचा, जणू श्वास घेतोय. वाक्य संपल्यावर त्याचं तोंड लगेच मिटत नसे, अर्धा क्षण उघडं राहायचं, मग मिटायचं. हे उत्तमचं होतं. जगात दुसऱ्या कोणाचं नव्हतं. आवाज थोडा बारीक लागत होता, पण फोनवर सगळ्यांचेच आवाज बारीक होतात. मागची खाडी नवी होती. ती हल्ली संगणकावर बदलता येते. म्हणजे वाहिनीने जुन्या फितींतला त्याचाच हात काढून जाहिरातीत लावला होता, आणि ज्याचा हात जाहिरातीत लावला त्यालाच पुढे बोलावणार, हे उघड होतं. त्याला यात कुठे खोट दिसली नाही.

“माझा हात आहे,” तो विनिताला म्हणाला.

विनिताने ते पोटात ठेवलं नाही, आणि या वेळी उत्तमनेही तिला अडवलं नाही. तो स्वतःच तिसऱ्या मजल्यावरच्या श्रियाला सांगून आला. श्रिया सात वर्षांची. वायरी ओढणाऱ्या नाखवाकाकांच्या हाताला त्या संध्याकाळी तिने बोट लावून बघितलं.

रविवारी अकराला पहिला भाग होता. उत्तमच्या हॉलमध्ये चौदा माणसं जमली. विनिताने पोहे केले होते. पहिली तीन मिनिटं सगळे पडद्याला डोळे लावून होते. निवट्या वर्गात आला, हजेरी घेतली. उत्तमच्या पाठीवर थापा पडल्या. खालच्या मजल्यावरचे धोंडीबा भोईर म्हणाले की इतकी वर्षं आम्ही तुम्हाला सोसायटीच्या पाण्याच्या मोटरवर लक्ष ठेवायला बसवत होतो, आता अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवू.

चौथ्या मिनिटाला निवट्याने फळ्यावर लिहायला खडू उचलला, आणि उत्तमच्या हातातली बशी तशीच राहिली.

निवट्याचा उजवा हात लाकडी होता. खडू पकडताना बोटं एकदम मिटली, लिहिताना कोपर हललंच नाही, आणि लिहून झाल्यावर हात कुठे ठेवावा हे न कळून लोंबत राहिला. संचिता असं कधीच करत नाही. अकरा वर्षं तो हात त्याच्या छातीला टेकून हलला होता, त्याची नस अन् नस त्याला ठाऊक होती. जुनी फीत असती तर उजवा हात संचिताचा असता. हा कोणा नवख्याचा होता, म्हणजे फीत जुनी नव्हती. आणि ती नवी असेल, उजव्या हातात संचिता नसेल, आणि डोक्यातला हात तर हुबेहूब त्याचा असेल, तर तसा हात ज्याला शिकवला होता असं माणूस एकच होतं.

खोलीत हशा झाला. निवट्या काहीतरी विनोदी बोलला होता. उत्तमने बशी खाली ठेवली.

शेवटी नावं वर सरकली, इतकी भरभर की कोणाला वाचता आली नाहीत. सगळ्यांनी त्याचे हात हातात घेतले. श्रियाच्या आईने विचारलं, पुढच्या रविवारी आम्ही पण यायचं ना. विनिता हो म्हणाली.

त्याने संचिताला तीन वेळा फोन केला. चौथ्या वेळेआधी तिचा मेसेज आला, ‘शूटमध्ये आहे काका, बोलते.’ ती बोलली नाही. त्याने विनिताला काही सांगितलं नाही. सांगायला आधी नीट ठाऊक असायला हवं, असं त्याने स्वतःला समजावलं. मंगळवारी सकाळी खांदा तपासायला जातो म्हणून तो निघाला आणि ठाण्याहून बसने घोडबंदर रोडला गेला.

मेट्रोच्या खांबांखाली बस पाऊण तास अडकली. त्या पाऊण तासात त्याने संचिताच्या बाजूने जेवढी कारणं शोधता येतील तेवढी शोधली. कदाचित ती त्याची जागा राखून बसली असेल. कदाचित पहिले दोन भाग घाईत करायचे होते आणि त्याचा खांदा बरा झालाय हे तिला माहीत नसेल. पण खूण खिडकीच्या चौकटीवर गेली तेव्हा तिने स्वतःच टाळ्या वाजवल्या होत्या.

निर्माती पायल त्याचं नाव ऐकताच फाटकापर्यंत धावत आली आणि वाकून पाया पडली. तिशीची मुलगी. लहानपणी निवट्याला पत्र लिहिलेलं आणि उत्तर आलेलं, ते अजून जपून ठेवलंय, असं ती चालता चालता सांगत होती. उत्तरं उत्तमच लिहायचा. मग ती म्हणाली की सर तुम्ही आलात, फार बरं वाटलं. आम्ही तीन वेळा निरोप दिला होता, निदान चाचणीसाठी तरी या. संचिताताई दर वेळी सांगायच्या की काकांना आता नको वाटतं, खांद्याचा फार त्रास आहे, विषय काढला की ते दुखावतात. मग आम्ही जोर नाही केला.

“फळं मिळालेली ना, सर? दिवाळीला आमच्या टीमने पाठवलेली. लवकर बरे व्हा असं कार्ड पण होतं त्यात.”

“मिळाली,” उत्तम म्हणाला. कार्ड नव्हतं.

आत सेटवर कोलशेतच्या एका शाळेची वीसेक मुलं सतरंजीवर बसली होती. भिंतीवर निवट्या होता. नवा, हिरवा, डोळे चकचकीत. दोन दृश्यांच्या मधला वेळ होता आणि निवट्या एका मुलीला तिच्या रिबिनीवरून चिडवत होता. पायलच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तिने उत्तमला सरळ मुलांसमोर नेऊन उभं केलं आणि सांगितलं की हे निवट्याचे सगळ्यात जुने मित्र.

निवट्याची मान वळली आणि तशीच राहिली. भिंतीखाली, पडद्यावर, संचिताला आता उत्तम दिसत असणार.

“निवट्या, हे कोण?” रिबिनवालीने विचारलं.

 निवट्याच्या आवाजात उत्तर आलं, “हे उत्तमकाका. मला बोलायला यांनी शिकवलं.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. उत्तम भिंतीपाशी गेला. वाकला असता तर दोन हातांवर संचिताचं डोकं होतं. पण बाहुली वर होती, समोर मुलं होती. अशा वेळी खाली बघायचं नाही, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की मनात असूनही त्याला वाकता आलं नाही. तो निवट्याच्या डोळ्यांकडे बघून बोलला.

“मला इथून तीन वेळा बोलावणं आलेलं म्हणे. माझ्यापर्यंत नाही पोचलं. तुला माहीत होतं का रे?”

मुलांना तो खेळ वाटला. ती निवट्याकडे बघू लागली.

“माहीत होतं,” निवट्या म्हणाला.

“मग सांगितलं का नाहीस?” हे एका मुलाने विचारलं. सतरंजीवरून, अगदी सहज.

निवट्याचं तोंड उघडलं आणि शब्द मागून आला, असं कधी होऊ द्यायचं नाही. पण झालं. “सांगितलं असतं,” तो म्हणाला, “तर मी परत उजवा हातच झालो असतो.”

मुलांना यात काही कळलं नाही. कोणीतरी ‘निवट्या खोटारडा’ म्हणालं आणि सगळी हसली. पायल हसली नाही. तिने उत्तमकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि मुलांना खाऊ द्यायला बाहेर काढलं.

संचिता चाकांच्या फळीवरून मागे सरकत बाहेर आली. काळे कपडे, कपाळाला घामाची पट्टी. हातात निवट्या नव्हता, तो तिने आत खुंटीवर ठेवला होता. तिच्यामागून एक चोवीस-पंचवीसचा तरुण, नवा उजवा हात करणारा दिपेश, निघाला आणि दोघांकडे बघून चहाच्या टेबलाकडे गेला.

रडेल असं उत्तमला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने नमस्कारही केला नाही.

“तुम्ही परवाच ओळखलं असेल,” ती म्हणाली.

“खडू उचलल्यावर.”

तिने मान हलवली. तिचीही नजर आधी तिथेच जायची. त्या दिपेशला मी रोज सांगते, काका, कोपर, कोपर, असं ती म्हणाली, आणि क्षणभर दोघं दिपेशच्या कोपराचाच विचार करत असल्यासारखे उभे राहिले.

उत्तमने तिला विचारलं की हवं होतं तर मागितलं का नाही. माझ्या घरात बसून, माझ्या ताटात जेवून, भिंतीवर खुणा करताना टाळ्या वाजवून हे का केलं. तो आवाज चढवत नव्हता. 

“मागितलेलं, काका. दोन हजार चौदाला. त्या दुसऱ्या चॅनलला पोपट करायचा होता, त्यांनी मला घ्यायचं ठरवलेलं. तुम्हाला फोन केला त्यांनी. तुम्ही काय सांगितलं?”

उत्तमला आठवलं. आठवायला काहीच वेळ लागला नाही. तिचा हात अजून कच्चा आहे, असं त्याने सांगितलं होतं. कच्चा नव्हता. पण पावसाळ्याआधी चाळीस भाग उरकायचे होते आणि उजव्या हाताला दुसरं कोणी नव्हतं. ती तेव्हा सहा वर्षं जुनी होती. त्यानंतर पाच वर्षं ती रोज त्याच्या छातीला टेकून बसली, आणि हे तिला ठाऊक असेल अशी शंकाही त्याला कधी आली नाही. तिच्या बोटांतून त्याला सगळं कळतं, असा त्याचा समज होता.

“तू तेव्हा भांडायचं होतंस,” तो म्हणाला.

“तुमच्याशी?” ती म्हणाली. “तुम्ही तर मला मुलगी म्हणायचात.”

 ती जवळ आली. आता तिचा आवाज जुना झाला होता, जेवायला बसल्यावरचा.

“काका, उजवा हात तुम्ही करा. मी खरंच सांगतेय. खांदा वर न्यायला लागत नाही, छातीपर्यंतच असतो. दिपेशला जमणार नाही. आपण दोघं असलो तर निवट्या परत तसाच होईल. पायलला मी सांगते.”

ती टोमणा मारतेय का हे त्याने बघितलं. मारत नव्हती. तिला खरोखर चांगला उजवा हात हवा होता. त्यालाही अकरा वर्षं तेवढंच हवं होतं, आणि त्यालाच तो माया म्हणत आला होता. त्याने उजवा हात उचलला. छाती, कान, आणि मग कानाच्या वर, सरळ, दिव्यांच्या उजेडात. खांदा ठणकला. तो तसाच उभा राहिला. टेबलापाशी पायल कप हातात धरून बघत होती.

“मी नाही म्हटलेलं नाही,” तो तिच्याकडे वळून म्हणाला. “एकदाही नाही. मला कोणी विचारलंच नाही.”

पायल जवळ आली. तिचा चेहरा उतरला होता. ती तीनदा सॉरी म्हणाली, संचिताकडे न बघता. मग तिने सांगितलं की बावन्न भागांचा करार झालाय, वरून मंजुरी आलीय, आवाजाचं रेकॉर्डिंग पुढे गेलंय. आता मधेच हात बदलला तर मुलांना कळेल. हे सगळं खरं असणार. मुलांना कळतं, हे तिला उत्तमनेच शिकवलं होतं, निवट्याच्या तोंडून.

“जुना निवट्या कुठाय?” त्याने विचारलं.

संचिता खाली बघू लागली. नव्याचे साचे काढायला शिवणी उसवाव्या लागल्या, असं ती म्हणाली. फोमचा तर भुसाच झालेला. कापड कुठेतरी असेल, वर्कशॉपमध्ये, ती शोधून ठेवेल. आणि उजव्या हाताचं काय, असं तिने पुन्हा विचारलं.

“नाही,” उत्तम म्हणाला. “दिपेशला सांग, खडू आधी बघायचा आणि मग उचलायचा. तो न बघता उचलतो.”

का सांगितलं हे त्याला बसमध्येही उमगलं नाही.

डोंबिवलीला पोचेपर्यंत चार वाजले. विनिताने दार उघडलं आणि खांद्याचं काय म्हणाले ते विचारलं. त्याने तिथेच, चपला न काढता, सगळं सांगितलं. फळांचंही सांगितलं. विनिता भिंतीला टेकली. मग म्हणाली की लोकांना आता काही सांगायची गरज नाही. तो उत्तमचाच हात आहे असं त्यांना वाटतंय तर वाटू दे. शिकवलेला तर त्याचाच आहे. संचिताच्या नावाची पाटी इतक्या वेगाने जाते की कोणाला कधी कळणार नाही.

उत्तमने ते ऐकून घेतलं. आपण हो म्हटलं तर रविवारी पुन्हा चौदा माणसं येतील, हात हातात घेतील, आणि तो संचिताच्या हाताचं कौतुक आपल्या खिशात घालेल. बावन्न रविवार. तिने त्याच्या नावाने तीनदा नकार कळवला, त्यात आणि यात त्याला फारसा फरक दिसेना.

तो पुन्हा बाहेर पडला. आधी तळमजल्यावर भोईरांकडे गेला, मग दुसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांत. भोईर म्हणाले, जाऊ द्या हो नाखवा, आम्हाला काय समजतंय त्यातलं. दुसऱ्या मजल्यावर लोक गोंधळले आणि चहा घ्या म्हणाले. तिसऱ्या मजल्यावर श्रियानेच दार उघडलं.

“काका, पुढच्या रविवारी निवट्या काय करणार?”

“मला माहीत नाही गं. निवट्या मी करत नाही. तो माझा हात नव्हता.”

“पण तुम्हीच सांगितलेलं.”

“चुकलं माझं. हात ओळखायला चुकलो.”

श्रियाने त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग विचारलं, “मग कोणाचाय?”

“संचिता म्हणून आहे एक,” उत्तम म्हणाला. “टिटवाळ्याची.”

तिने ते नाव एकदा पुटपुटून पाहिलं आणि आईला सांगायला आत पळाली. तिची आई बाहेर येईपर्यंत उत्तम चौथ्या मजल्याचा जिना चढू लागला होता. रविवारी आलेल्यांपैकी अजून पाच घरं उरली होती.